न कापलेली धोतरजोडी

मंठाळच्या प्रार्थनाघरात बसायची रीत पक्की होती. दारातून आत गेलं की डाव्या हाताला पुरुषांची चटई, उजव्या हाताला बायकांची, आणि मधे पाद्रीसाहेबांना चालता यावं एवढी शेणानं सारवलेली वाट. ज्यांचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता ती माणसं मागं, दाराशी अंथरलेल्या तरटावर बसत. तरटावर बाई-पुरुष असा भेद नव्हता. कुणी कुठंही टेकावं, लेकरू मांडीवर घ्यावं, डुलकी आली तर भिंतीला डोकं लावावं. बसव्वा वर्षभर तिथं बसत होती आणि वर्षभर कुणाला काही अडचण आली नव्हती.

अडचण आली ती बिदरहून पाद्री माणिकप्पांचा निरोप आल्यावर. सुगीच्या सणाला ते येणार होते आणि बसव्वाला बाप्तिस्मा देणार होते. बाप्तिस्मा झाला की माणसानं तरटाकडं परत जायचं नाही. सगळ्यांच्या देखत आपल्या चटईवर येऊन बसायचं. मंडळीच्या, म्हणजे तिथं जमणाऱ्या सगळ्या ख्रिस्ती माणसांच्या, लेखी खरा सोहळा तोच. डोक्यावरचं पाणी काय, घटकाभरात वाळतं. पण शेजाऱ्यानं सरकून करून दिलेली जागा जन्माची असते.

आता बसव्वासाठी सरकायचं कुणी?

हा प्रश्न सगळ्यांच्या आधी शांतप्पा मास्तरांच्या मनात आला, आणि आल्याबरोबर त्यांनी तो पुस्तकाखाली दडपून ठेवला. शांतप्पा आठवडाभर मिशनच्या शाळेत पोरांना मराठी आणि कन्नड शिकवत आणि रविवारी मंडळीचे उपदेशक होत. वाचन दांडगं, धीर मात्र बेताचा. छापलेलं वाचून दाखवायचं असलं तर आवाज खणखणीत निघायचा. स्वतःचं काही सांगायचं असलं की जीभ टाळूला चिकटायची. आपल्या जागी दुसरा कोणी हवा होता, असं त्यांना दर रविवारी वाटायचं. आणि त्या मंडळीत एक रीत अशी की बाप्तिस्म्याच्या वेळी उपदेशकानं उभं राहून ओळख द्यायची. ‘हे माणूस मला ठाऊक आहे, याचं नाव अमुक,’ असं चारचौघांत म्हणायचं. मग पाद्री त्या नावानं हाक मारणार. पुस्तकात यातलं काही छापलेलं नव्हतं.

बसव्वाला ओळखत नाही असं त्या पंचक्रोशीत कोण होतं? जन्मली ती बसप्पा म्हणून. सहा-सात वर्षांची असताना डोक्यात जट धरली, तेव्हा आईबापांनी देवीचं बोलावणं समजून पोराला यल्लम्माच्या डोंगरावर नेलं, गळ्यात मणी बांधले, हिरवं लुगडं नेसवलं. “आई रडायलती, बाप रडायलता,” बसव्वा सांगायची, “आन मी एकटी हसायलते.” पुढं वर्षानुवर्षं परडी घेऊन ती दारोदार जोगवा मागत फिरली. तिचं गाणं ऐकायला बायका हातातलं जातं थांबवत.

मग एका पावसाळ्यात पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजून भोपळ्याएवढा झाला आणि ताप डोक्यात गेला. कुणीतरी बैलगाडीत घालून तिला बिदरच्या मिशन दवाखान्यात टाकलं. तिथंही प्रश्न पडलाच: पुरुषांची खोली की बायकांची? शेवटी दोन्हींच्या मधल्या पडवीत खाट टाकली. डॉक्टरीणबाईंनी पाय चिरला आणि तापानं भणभणलेलं डोकं धुता यावं म्हणून जट कापून टाकली. जट कापली म्हणजे देवीचा कोप, ही आता जगत नाही, असं बघायला आलेले सगळे म्हणाले. बसव्वा जगली. तिथं अधूनमधून आजाऱ्यांना बायबल वाचून दाखवायला, बायबलबाई म्हणून जाणाऱ्या मास्तरांच्या बायकोनं, सुशीलाबाईनं, तिला पेज भरवली होती. दवाखान्यातून सुटल्यावर बसव्वा तिच्या मागोमाग मंठाळला आली आणि शाळेच्या मागच्या खोपटात राहिली. शाळा झाडायची, पाणी भरायची, आणि रविवारी तरटावर बसून असं गायची की पुढचे मागं वळून बघायचे.

येशूच्या वाटेला का लागलीस, असं मास्तरांनी तिला रीतीप्रमाणं विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, “मास्तर, जलमभर जो भेटला त्यानं इचारलं, तू कोन? गडी का बाई? त्या पडवीत मला कुनी ते इचारलं न्हाई. इचारलं, कुठं दुखायलंय. ज्या देवाची मान्सं असं इचारत्यात, त्याच्या दारात बसावं वाटलं.”

मास्तरांनी हे उत्तर कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

सणाच्या आधी काही दिवस पंच काशप्पा शाळेत आला. काशप्पा शिंपी होता, मंडळीचा म्होरक्या होता आणि मनानं सोन्यासारखा होता. एकच खोड, दुसऱ्याचं भलं कशात आहे ते त्याला त्या दुसऱ्याच्या आधी कळायचं. नव्या माणसाला मंडळीनं पांढरे कपडे द्यायचे, ही त्यांची जुनी रीत. गड्याला धोतर-पैरण, बाईला लुगडं-चोळी. काशप्पानं काखेतलं गाठोडं सोडलं. आत कमलनगरच्या बाजारातून आणलेली, हिरव्या बारीक काठाची पांढरीशुभ्र धोतरजोडी होती, आणि त्यानं स्वतः शिवलेली पैरण.

“बघा मास्तर. माप न घेता शिवलीय. नजरेनं. जट गेली, देवी गेली, आता एवढं लुगडं गेलं की बसप्पा मोकळा झाला.”

“पण अण्णा,” मास्तर चाचरले, “त्याला... तिला एकदा विचारलं का?”

“इचारायचं काय? तापलेल्या मानसाला इचारून औषध देत्यात व्हय? गेल्या चार बुधवारी मंडळीनं त्याच्यासाठीच प्रार्थना केली की. आन पुढचं बी बघून ठेवलंय. धोतर नेसला की एखादी गरीब विधवा बघून लग्न लावून टाकू. संसाराला लागला की सगळं आपसूक सरळ हुतंय.”

बसव्वा दारातच झाडू घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पुढं येऊन गाठोड्यावरून हात फिरवला. पैरणीची शिवण बोटांनी चाचपली आणि तिचे डोळे भरून आले.

“माझ्यासाठी आजवर कुनी नवं शिवलं न्हवतं, काशप्पा अण्णा.”

काशप्पा खूष झाला.

“पन अण्णा, लग्नाचं तेवढं र्‍हाऊ द्या. त्या बिचारीनं काय गुन्हा केलाय? मला बायकांत बाईसारखं बसू वाटतंय, बायको कराया न्हाई.”

“वाटंल, वाटंल. हळूहळू वाटंल,” काशप्पा म्हणाला आणि समाधानानं निघून गेला.

बसव्वानं पैरण अंगात घालून बघितली. बरोबर बसली होती. काशप्पाची नजर पक्की. पण ती घालून ती अंगणात उभी राहिली, तेव्हा मास्तरांना खुंटीवर दुसऱ्याचाच सदरा टांगल्यासारखं वाटलं. नेहमी झाडताना सुद्धा गुणगुणणारी बसव्वा गप्प झाली होती. तिनं पैरण उतरवून नीट घडी केली.

“मास्तर, एक बोलू? सुशीलाक्कानं मला बायबलातल्या त्या रथातल्या मानसाची गोष्ट सांगितली. रानीच्या खजिन्यावरचा मानूस. लेकरू-बाळ न होनारा. देवळात बी ज्याला आत घेत न्हवते, त्यो.”

“हं.”

“त्यो म्हनला, हे पानी हाय, मग माझं अडलंय कशानं? आन येशूच्या शिष्यानं त्याला तिथंच पान्यात नेलं. व्हय ना?”

“व्हय.”

“त्यानं आधी कपडे बदलले का?”

मास्तरांनी ती गोष्ट मराठीत वाचली होती, कन्नडात वाचली होती, उर्दूतही वाचली होती. तिन्ही ठिकाणी कपड्यांचा उल्लेख नव्हता. त्यांनी मान हलवली.

“जट देवीची हुती,” बसव्वा म्हणाली, “तिची तिनं नेली. माझा राग न्हाई तिच्यावर. तिच्याच नावावर मी भाकर खाल्ली. पन लुगडं देवीचं न्हवतं मास्तर. लुगडं माझं हाय. पाय दुखायलता, त्यो बरा झाला. ह्ये कंदी दुखलंच न्हाई, तर बरं काय करायचं?” तिनं पैरण गाठोड्यात ठेवली आणि गाठोडं मास्तरांच्या हाती दिलं. मग हळूच म्हणाली, “सनाच्या दिवशी बसप्पा म्हनून हाक मारली, तर मी उठनार न्हाई. जिद्द न्हाई ही. त्या नावाचं मानूस तिथं बसलेलंच नसंल. मग मी आपली परत वाटंला लागीन. रुसून न्हाई जायची, खरंच.”

संध्याकाळी सुशीलाबाई भाकरी थापत होती आणि मास्तर चुलीसमोर बसून एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते.

“पुस्तक उलटं हाय,” ती म्हणाली.

मास्तरांनी दचकून बघितलं. पुस्तक सरळच होतं.

“सरळ असलं तरी तुमी काय वाचायलाव ते दिसायलंय मला. काय झालंय?”

त्यांनी सगळं सांगितलं. काशप्पा, पैरण, रथातला माणूस. शेवटी म्हणाले, “मी काय करू सुशीला? माझ्या जागी कोणी शहाणा माणूस असता तर...”

“शहाना असता तर काशप्पाचं ऐकून मोकळा झाला असता.” तिनं भाकरी उलथली. “तुमाला आठवतंय, आपल्यासाठी मंडळी कधीपासनं प्रार्थना करायलीय?”

मास्तरांनी पुस्तक मिटलं. त्यांना मूल नव्हतं. दर मोठ्या सणाला, प्रार्थना संपत आली की काशप्पा डोळे मिटून गदगदलेल्या आवाजात म्हणायचा, ‘आणि हे प्रभो, आमच्या मास्तरांची आणि सुशीलाबाईची कूस उघड.’ सगळी मंडळी आमेन म्हणायची. सगळ्यांच्या माना सुशीलाबाईकडं वळायच्या, आणि ती पदराच्या काठाशी चाळा करत बसायची.

“मायेनंच मागत्यात,” ती म्हणाली. “मला ठाऊक हाय. पन दर वेळी मला वाटतंय, की मी आजारी हाय. घरी येते, तुमी काहीतरी वाचून दाखवताव, मी हसते, तवा ध्यानात येतंय की आपल्याला तर काहीच झालेलं न्हाई. आपन दोघं बरेच हाव की.” ती हसली. “तुमी मला कंदी म्हनला न्हाई, सुशीला, तू अशी न्हाई तशी हो. मी बी तुमच्या ह्या भित्रेपनाला नावं ठेवली न्हाईत.”

“आत्ता ठेवलंस की!”

“ते आज. आज गरज हाय.” तिनं गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली, आणि एकदम तिची नजर कोपऱ्यातल्या गाठोड्यावर गेली. “अगं बाई. ही जोडी अजून कापली न्हाई का?”

धोतरं विणकराच्या मागावरून जोडीनं उतरतात. दोन पानं एकाच लांब कापडात, मधे नुसती एक आखणी. घरी आणल्यावर तिथं कात्री लावायची. काशप्पा घाईत ती लावायची विसरला होता. सुशीलाबाईनं हात पुसले आणि कापडाचं एक टोक मास्तरांच्या हातात दिलं. दोघं उलगडत उलगडत दारापर्यंत गेले.

“भरलं की हो नऊवार!” ती म्हणाली, आणि त्या कापडाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून लहान पोरीसारखी हसत सुटली.

सणाच्या दिवशी प्रार्थनाघर जोंधळ्याच्या कणसांनी सजलं होतं. पाद्री माणिकप्पा मुक्कामालाच आले होते. थकलेले, खोकणारे, दहा गावच्या भांडणांनी वाकलेले गृहस्थ. पितळी घंगाळात पाणी भरून ठेवलं होतं. काशप्पा पुरुषांच्या चटईवर पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा आधीच करून ठेवली होती. ती मोकळी जागा मास्तरांना बघवेना. कारण ती जागा मायेनंच केलेली होती.

मग बसव्वा आली.

तिनं पांढरंशुभ्र लुगडं नेसलं होतं, काठाला हिरवी बारीक रेघ. चोळीही पांढरी होती आणि बाहीवरची टीप इतकी सरळ होती, की असली टीप मारणारा त्या गावात एकच माणूस होता. काशप्पा चटईवरून अर्धा उठला.

“ही... ही माझी पैरण हाय!”

“व्हय अण्णा,” बसव्वा म्हणाली. “तुमी दिलेलंच घातलंय. सगळं. एक दोरा बी बाहेरचा न्हाई.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी फसकन हसलं. पुरुषांच्या बाजूला कुजबूज वाढली. एक जण म्हणाला, “ही काय थट्टा हाय का?” माणिकप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मास्तरांकडं बघितलं.

“उपदेशक, ओळख द्या.”

शांतप्पा मास्तर उभे राहिले. हातात पुस्तक होतं, पण उघडून उपयोग नव्हता. त्यांनी ते खाली ठेवलं. हात एकदम रिकामे वाटले.

“हे माणूस...” त्यांनी उजवीकडं बघितलं. सुशीलाबाई पदराच्या काठाशी चाळा करत नव्हती. सरळ त्यांच्याकडं बघत होती.

“मंडळी,” मास्तर म्हणाले, “आधी दुसरंच बोलतो. माफ करा. तुम्ही... काशप्पा अण्णा, तुम्ही दर सणाला आमच्यासाठी लेकरू मागता. मायेनं मागता. पण दर वेळी घरी गेल्यावर माझी बायको म्हणते, मी काय आजारी आहे का? आणि मला इतक्या वर्षांत कधी उठून सांगता आलं नाही, की नाही, ती आजारी नाही. देवानं लेकरू दिलं तर आनंद आहे. नाही दिलं तरी आम्हाला काही झालेलं नाही. आम्ही दोघं बरे आहोत. आमच्या घरात कशाची... कशाची उणीव नाही.”

काशप्पाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

“तसंच हिचं आहे,” मास्तर म्हणाले. आवाज कापत होता, पण निघत होता. “जे दुखत होतं ते दवाखान्यात बरं झालं. जी भीती होती ती इथं येऊन गेली. बाकी जे आहे ते दुखणं नाही. आपण चार बुधवार त्याच्यावर औषध मागितलं. आपलं चुकलं. आणि लग्न तर औषध नव्हेच. मी बायको केली ती बरं होण्यासाठी नाही, तिच्याजवळ बसायला बरं वाटतं म्हणून.” बायकांच्या बाजूला पुन्हा कुणीतरी हसलं, या वेळी मऊ हसलं. “मी या माणसाला ओळखतो. वर्षभर ही माझी शाळा झाडते, पोरांची नाकं पुसते, खोटं बोलत नाही. हिचं नाव बसव्वा.”

आणि ते मटकन खाली बसले.

माणिकप्पांनी घंगाळातल्या पाण्याकडं बघितलं. मग खोकले. “मला वरून कुणी विचारलं तर काय सांगू, ते मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “पण उपदेशकानं ओळख दिलीय, आणि पाणी समोर आहे. मी कोण अडवणारा?” त्यांनी घंगाळात हात बुडवला. “बसव्वा, पुढं ये.”

ती उठली. पाणी डोक्यावर पडलं, कापलेल्या जटेच्या जागी वाढलेल्या बारीक केसांतून ओघळून कपाळावर आलं. तिनं ते पुसलं नाही.

मग ती मधल्या वाटेवर उभी राहिली. डावीकडं काशप्पाच्या शेजारी मोकळी जागा होती. उजवीकडं बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिला कुणीकडंच पाऊल टाकता येईना. मास्तरांना वाटलं आपण पुन्हा उठावं. पण सगळं धैर्य ते एकाच भाषणात खर्चून बसले होते.

मागून एक माणूस म्हणाला, “नाव काय बी ठेवा, पन बायकांत कसं बसवनार? आमच्या लेकी-सुना हाईत तिथं.”

तेव्हा बायकांच्या पहिल्या रांगेतून गुरुबाईचा आवाज आला. गुरुबाई म्हणजे मंडळीतली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तिखट बाई. पाद्रीसाहेबांचं प्रवचन लांबलं तर मोठ्यानं जांभई देणारी तीच.

“लेकी-सुनांची काळजी तू नको करू बाबा. बाजारात आमच्या पोरींकडं कोन कोन टकामका बघतंय, मला सगळं ठाऊक हाय. आन ते सगळे तुमच्याच चटईवर बसत्यात.”

पुरुषांच्या बाजूला दोन-चार माना खाली गेल्या. बाकीचे हसले. माणिकप्पांनासुद्धा खोकल्याचा आधार घ्यावा लागला.

गुरुबाईनं गुडघ्यावर हात टेकवून आपलं जड अंग कष्टानं बाजूला रेटलं. तिच्या सरकण्यानं शेजारची सरकली, तिच्यानं पलीकडची, आणि बघता बघता चटईवर एक जागा झाली.

“उभी कामून र्‍हायलीस मधी?” ती बसव्वावर खेकसली. “मागच्यांना पाद्रीसाहेब दिसंना झालेत. बस की.”

बसव्वा बसली. पदर सावरून, मांडी घालून, बायकांत बाई बसते तशी.

काशप्पा अजून आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत होता. प्रार्थना संपत आली तसा तो सवयीनं उभा राहिला, डोळे मिटले. “आणि हे प्रभो,” त्यानं सुरुवात केली, “आमच्या मास्तरांची आणि सुशीलाबाईची...” तो अडखळला. मंडळी वाट बघू लागली. सुशीलाबाईनं मान खाली घातली नाही. काशप्पानं एक डोळा किलकिला करून मास्तरांकडं बघितलं, मग बसव्वाच्या चोळीच्या बाहीकडं, आपल्याच टिपेकडं.

“...आमच्या मास्तरांची आणि सुशीलाबाईची सोबत अशीच र्‍हाऊ दे,” तो म्हणाला. “आन बसव्वाची बी. आन मला, प्रभो, माप घेऊन शिवायची बुद्धी दे.”

“आमेन,” सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं गुरुबाई. मग बसव्वानं उजव्या चटईवरून गाणं उचललं.